जाहिरातीमुळे की जाहिरातीसमोर?

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मसाला कंपनीच्या ऑफिसात आम्ही सहा जण टेबलाभोवती बसलो होतो आणि सणात जाहिरातींवर झालेल्या खर्चाचा हिशेब चालला होता. फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्या एजन्सीच्या मुलानं पहिला रिपोर्ट वाचला. गूगलच्या जाहिराती बघणाऱ्या एजन्सीनं दुसरा. तिसरा आला होता, ज्या ऑनलाइन दुकानात कंपनीचा माल मिळतो त्या दुकानाच्या जाहिरात विभागाकडून. प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक आकडा होता, 'जाहिरातीमुळे झालेली विक्री'. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी तिन्ही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले, बेरीज केली आणि अकाउंटंटला त्या दोन महिन्यांची एकूण ऑनलाइन विक्री विचारली. बेरीज त्या विक्रीच्या जवळजवळ दीडपट निघाली.

"ताई," ते मला म्हणाले, "गोदामातून माल तर तेवढाच गेला. मग हे वरचं कुणी विकलं?"

टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. झालं होतं ते असं. पुण्यातल्या एखाद्या मुलीला सकाळी इन्स्टाग्रामवर या मसाल्याची जाहिरात दिसते. दुपारी ती गूगलवर कंपनीचं नाव टाकते आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवते. संध्याकाळी ऑनलाइन दुकानात किराणा मागवताना तिथल्या 'स्पॉन्सर्ड' ओळीतून तेच पाकीट टोपलीत टाकते. पाकीट एक, पण तिन्ही वह्यांमध्ये त्याची नोंद. मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची, ठरलेली मोजपट्टीच अशी आहे की जाहिरातीवर क्लिक केल्यावर सात दिवसांत, किंवा ती नुसती डोळ्यांसमोरून गेल्यावर एका दिवसात खरेदी झाली, तर ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा होते. बाकीच्यांच्या पट्ट्यांत दिवस कमीजास्त, पण रीत अशीच. आणि त्या मुलीबद्दलची चौथी गोष्ट कुठल्याच वहीत नव्हती. ती कराडची असेल, तिच्या आईच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं हाच डबा असेल, आणि या तिन्ही जाहिराती दिसल्या नसत्या तरी तिनं तेच पाकीट घेतलं असतं.

मी पंधरा वर्षं खाद्यपदार्थांच्या कंपन्यांचं मार्केटिंग करते आहे. या व्यवसायावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच ठामपणे सांगते की आपण मार्केटिंगचं योगदान ज्या रीतीनं मोजतो ती रीत चुकीची आहे. जाहिरातीसमोर झालेली विक्री आपण जाहिरातीमुळे झालेली म्हणून मांडतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदीचा हिशेब कावळ्याच्या नावावर टाकायचा नसतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळतं. पण तोच हिशेब रंगीत आलेखात मांडून डॅशबोर्डवर, म्हणजे जाहिरातींचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर, आला की अनुभवी माणसंही मान डोलावतात. खरा प्रश्न एकच आहे. जाहिरात केली नसती तर किती विक्री झाली असती? झालेल्या विक्रीतून ती वजा केल्यावर जे उरतं तेवढंच जाहिरातीचं. पण 'केली नसती तर' हा आकडा कुठल्याही वहीत सापडत नाही. त्यासाठी कुठेतरी, काही काळ, जाहिरात खरोखर बंद करावी लागते.

हे धाडस मोठ्या प्रमाणावर केलं ते ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अमेरिकी कंपनीनं. 2012 च्या मार्चमध्ये त्यांनी याहू आणि एमएसएन या सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद केल्या आणि गूगलवर चालू ठेवल्या. म्हणजे कुणी 'ईबे' असं टाइप केलं तर वर येणारी पैसे देऊन लावलेली ओळ गायब, खाली फुकट येणारी ओळ तशीच. त्या जाहिरातींवरून येणारे जवळपास सगळेच लोक, साडेनव्याण्णव टक्के, फुकटच्या ओळीवरून आले. ज्याला ईबेवरच जायचं होतं तो कुठल्याही दारानं आला. इतकी वर्षं कंपनी त्या दाराचं भाडं भरत होती.

त्यानंतरचा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. ईबेनं अमेरिकेतल्या सुमारे तीस टक्के भागांमध्ये गूगलवरच्या इतर शब्दांच्या जाहिरातीही बंद केल्या. कुठे बंद करायच्या आणि कुठे चालू ठेवायच्या, हे यदृच्छेनं ठरवलं. मग दोन्हीकडची विक्री ताडून पाहिली. फरक इतका किरकोळ होता की तो आहे असं खात्रीनं म्हणता येईना. मात्र तपशिलात गेल्यावर वेगळं चित्र दिसलं. जे नेहमीचे खरेदीदार होते त्यांच्यावर जाहिरातींचा काहीच परिणाम नव्हता, आणि कंपनीचा बराचसा पैसा त्यांच्यावरच जात होता. जे नवे होते किंवा क्वचित येणारे होते, त्यांच्यावर परिणाम होत होता. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी हे काम 2015 मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. 'जाहिराती फुकट जातात' असा त्याचा सारांश अनेकांनी काढला आणि तो चुकीचा आहे. जो आपल्याला ओळखतो त्याला पुन्हा ओळख करून देण्याचे पैसे वाया जातात आणि जो ओळखत नाही त्याच्यापर्यंत पोचण्याचे कामी येतात, हे त्या प्रयोगानं दाखवलं. जुन्या पेठेतल्या व्यापाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रोजच्या गिऱ्हाइकाला तो हाक मारत नाही. पेठेत नव्यानं आलेल्याला मारतो.

आपल्या डॅशबोर्डना मात्र याच्या बरोबर उलट शिकवलेलं असतं. जो आधीच घ्यायच्या बेतात आहे त्याला शोधून काढ आणि त्याला जाहिरात दाखव. साइटवर येऊन गेलेल्या, टोपलीत माल टाकून थांबलेल्या माणसाच्या मागे पुढचे चार दिवस तीच जाहिरात फिरत राहते, ती यामुळेच. या रीटार्गेटिंगचा रोआस, म्हणजे जाहिरातीच्या दर रुपयामागे मिळालेली विक्री, नेहमीच डोळे दिपवणारा असतो. पंगतीत पाटावर बसलेल्या माणसांच्या हातात आमंत्रणपत्रिका द्यायच्या आणि नंतर सांगायचं की आमच्या पत्रिका मिळालेले शंभर टक्के लोक जेवायला आले, तसं हे आहे. रोआस जितका उंच, तितका माझा संशय बळावतो. अगदी उंच रोआसचा अर्थ बहुतेक वेळा असा निघतो की आपण नव्या माणसापर्यंत गेलोच नाही.

इथे एक सार्वजनिक प्रश्न उभा राहतो आणि तो अण्णांच्या टेबलापुरता नाही. जो जाहिरातीची जागा विकतो, तोच त्या जाहिरातीनं काय साधलं ते मोजतो. पेपर सोडवणारा आणि तपासणारा एकच. 2016 च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकनं कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो, हा आकडा ते दोन वर्षं फुगवून देत होते. तीन सेकंदांपेक्षा कमी पाहिलेले व्ह्यू त्यांनी भागाकारातून वगळले होते, त्यामुळे सरासरी 60 ते 80 टक्क्यांपर्यंत जास्त दिसत होती. ही चूक नकळत झाली असं त्यांनी सांगितलं. तसं धरून चाललं तरी प्रश्न उरतो. त्या दोन वर्षांत जगभरच्या किती कंपन्यांनी छापील आणि इतर जाहिरातींचे पैसे काढून व्हिडिओकडे वळवले, आणि बाहेरच्या कुणाला ती आकडेमोड तपासायची सोय होती का? नव्हती.

छापील माध्यमं आणि टीव्ही यांच्या बाबतीत आपण निदान वेगळी व्यवस्था उभी केली. छापील माध्यमांचा खप तपासायला 1948 पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स आहे. टीव्हीसाठी प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था आहे आणि तिच्यात वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था, तिघांचीही भागीदारी आहे. म्हणजे मोजणाऱ्याच्या दारात पैसे देणाराही उभा आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला, मीटर बसवलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावायला सांगितलं जातं असं म्हटलं, तेव्हा बार्कनं वृत्तवाहिन्यांचं रेटिंग थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं थेट 2022 च्या मार्चमध्ये. त्या आरोपांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे. मला एवढंच दिसतं की मोजमापावर शंका आली आणि मोजमाप थांबवता आलं, कारण ते विक्रेत्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. फोनच्या पडद्यावरच्या जाहिरातींसाठी, जिथे आज इचलकरंजीचा साडी दुकानदारही पैसे भरतो, अशी त्रयस्थ यंत्रणा आपल्याकडे उभीच राहिलेली नाही. जाहिरातदारांच्या संघटनांनी आणि सरकारनं हा विषय हाती घ्यायला हवा. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचे संख्याशास्त्रज्ञ असतात, त्या निभावून नेतील. ज्यानं कर्ज काढून पाच-सहा लाख जाहिरातीत घातले, त्याच्याकडे प्लॅटफॉर्मच्या रिपोर्टशिवाय दुसरा कागद नसतो.

यंत्रणा उभी राहीपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. बंद करून पाहण्याची पद्धत कुणालाही वापरता येते. प्लॅटफॉर्मची स्वतःची अशी चाचणीची साधनं आहेत आणि खर्च, भाव, हंगाम, विक्री यांचं गणित एकत्र मांडणारी मार्केटिंग मिक्सची मॉडेलंही आता फुकट मिळतात. अण्णांच्या कंपनीत आम्ही त्याहून साधं काहीतरी केलं.

पहिला घोळ विक्री म्हणजे काय इथूनच सुरू झाला. कंपनीच्या वहीतली विक्री म्हणजे प्रायमरी, कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे गेलेला माल. मार्च एंडला टार्गेट पुरं करायला सेल्सची माणसं डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल ढकलतात, एप्रिलमध्ये तोच माल पडून राहतो आणि वहीत विक्री कोसळलेली दिसते. या आकड्यावर जाहिरातीचा परिणाम बघणं म्हणजे धरणात किती पाणी आहे हे कालव्यावरून सांगण्यासारखं. आम्हाला सेकंडरी हवी होती, डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल. ती बीटप्रमाणे, म्हणजे सेल्समनच्या दुकानांच्या ठरलेल्या फेरीप्रमाणे, आणि आठवड्याप्रमाणे गोळा करायलाच तीन महिने गेले. एका डिस्ट्रिब्युटरकडे बिलं वहीत होती. त्याच्या मुलीनं कॉलेजमधून आल्यावर रोज संध्याकाळी बसून ती एक्सेलमध्ये भरून दिली.

मग जोड्या लावल्या. एका जिल्ह्यात जाहिरात बंद केली तर त्याची तुलना कुणाशी करायची? कोल्हापूरची तुलना नागपूरशी करून चालत नाही. कोल्हापूर-सांगलीत उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, मसाला कांडायच्या डंकावर रांगा लागतात, आणि तेव्हा तयार पाकिटं कमी खपतात. घरातला डबा तळाला लागतो तसा पाकिटाचा खप चढतो. उसाचं बिल खात्यात जमा झालं की गावातल्या दुकानात सगळ्याच मालाची उचल वाढते. कोकणात गणपतीला चाकरमानी येतात आणि पंधरा दिवसांत दोन महिन्यांची विक्री होते. हे माहीत नसलेला माणूस गणपतीत जाहिरात लावेल आणि चाकरमान्यांची खरेदी जाहिरातीच्या पदरात टाकेल. म्हणून एकाच हंगामाचे, एकाच चवीचे, मागच्या दोन वर्षांत सोबतीनं चढउतार झालेले भाग आम्ही जोडीला घेतले. जोडीतल्या एकात आठ आठवडे फोनवरच्या जाहिराती बंद, दुसऱ्यात चालू. कंपनीच्या नावावरच्या गूगल जाहिराती मात्र सगळीकडेच बंद केल्या.

नावावरच्या जाहिराती बंद झाल्यानं काहीच हललं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या जोड्यांमध्येही, जिथे हा डबा घरोघरी आहे, फरक दिसला नाही. विदर्भात, जिथे कंपनी दोनच वर्षांपूर्वी गेली होती, तिथे बंद केलेल्या भागात नव्या दुकानांच्या ऑर्डरी हळूहळू आटल्या. म्हणजे आमच्या डॅशबोर्डवर ज्या जिल्ह्यांचा रोआस सगळ्यात कमी होता आणि म्हणून ज्यांचं बजेट आम्ही कापायला निघालो होतो, तिथेच जाहिरात काम करत होती. हे कळलं त्या दिवशी मला आनंद झाला नाही. आधीच्या कितीतरी वर्षांत, कितीतरी कंपन्यांत, मी असेच जिल्हे कापायचा सल्ला दिला होता.

नेमकी किती टक्के वाढ, असं अण्णांनी विचारलं तेव्हा एक आकडा मी दिला नाही. देता येत नव्हता. विक्री मुळातच आठवड्याला इतकी वरखाली होते की जाहिरातीचा छोटा परिणाम त्या गोंगाटात बुडून जातो. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी अमेरिकेतले पंचवीस मोठे जाहिरात प्रयोग तपासून 2015 मध्ये हेच दाखवलं होतं. लाखो माणसांवर प्रयोग करूनही जाहिरातीचा परतावा नफ्याचा होता की तोट्याचा, हे बऱ्याचदा खात्रीनं सांगता येत नाही. जो सल्लागार दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत परतावा सांगतो, त्याच्याकडून ते गणित मागून घ्या. 'या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी' असं उत्तर देणारा माणूस मालकाला कमी हुशार वाटतो, पण पैसे त्याच्याच हाती सुरक्षित असतात.

आता मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. मोजमापाचा आग्रह धरणारे अनेक जण पुढचं पाऊल असं टाकतात की जे आठ आठवड्यांत मोजता येत नाही ते बंद करा. हे मला मान्य नाही. आदिदासच्या मीडिया विभागाचे तेव्हाचे प्रमुख सायमन पील यांनी 2019 मध्ये लंडनमध्ये जाहीरपणे सांगितलं की कंपनी आपल्या खर्चातले 77 टक्के तात्काळ विक्रीच्या जाहिरातींवर आणि 23 टक्के ब्रँडवर घालत होती. कारण शेवटच्या क्लिकला श्रेय देणारी मोजणी तसंच सुचवत होती. सगळ्या घटकांचं एकत्र गणित मांडल्यावर निघालं की विक्रीला जोर ब्रँडच्या कामानं येत होता. एवढी मोठी कंपनी चुकीच्या पट्टीनं मोजून मुळाला पाणी घालायचं कमी करत गेली आणि शेंड्याकडे बघत राहिली.

आपल्याकडे विको आठवा. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये सुरू केलेली ही कंपनी सिनेमागृहात आणि पुढे दूरदर्शनवर वर्षानुवर्षं तीच जाहिरात, तीच चाल लावत राहिली. अमूलची फलकांवरची मुलगी 1966 पासून त्याच ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये आहे. यातल्या कुठल्याही एका फलकानं त्या आठवड्यात किती लोणी विकलं हे कुणी सांगू शकणार नाही, आणि कुणी विचारलंच असतं तर तो फलक पहिल्याच वर्षी उतरला असता. चाळीस वर्षांनी दुकानात उभी असलेली बाई दहा ट्यूबांमधून न पाहता एक उचलते, तिथे तो खर्च परत येत असतो.

आपले हिशेबाचे नियमही या घाईला हातभार लावतात, आणि याबद्दल फारसं बोललं जात नाही. इंड एएस 38 या भारतीय लेखा मानकाप्रमाणे कंपनीनं स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. जाहिरातीचा रुपया ज्या वर्षी खर्च झाला त्याच वर्षी खर्चात जातो. तोच ब्रँड दुसऱ्याकडून विकत घेतला तर मात्र मालमत्ता. हिंदुस्तान युनिलिव्हरनं 2020 मध्ये हॉर्लिक्सचं भारतातलं नाव 3,045 कोटी रुपयांना घेतलं आणि ते त्यांच्या ताळेबंदात बसलं. सर्फ आणि लक्स यांना तिथे जागा नाही, कारण ती नावं बाहेरून पैसे देऊन आणलेली नाहीत. स्वतः घडवलेल्या नावाची किंमत भरवशानं काढता येत नाही म्हणून तो नियम केला आहे, हे मला कळतं आणि पटतंही. पण परिणाम असा होतो की वर्षाच्या शेवटी नफा थोडा कमी पडतोय असं दिसलं की मालक पहिला हात घालतो तो जाहिरातीच्या बजेटला. मशीनची देखभाल थांबवली तर मशीन बंद पडतं आणि लगेच कळतं. ब्रँडची देखभाल थांबवली तर पहिल्या वर्षी नफा वाढलेला दिसतो, आणि जो मॅनेजर ती थांबवतो त्याला बढती मिळते.

किती टाकावं ब्रँडवर आणि किती तात्काळ विक्रीवर? लेस बिने आणि पीटर फील्ड या ब्रिटिश अभ्यासकांनी सांगितलेलं 60:40 हे प्रमाण आमच्या धंद्यात आता आरतीसारखं म्हटलं जातं. त्यांचं काम मी आदरानं वाचलं आहे. पण ते ब्रिटनमधल्या जाहिरात पुरस्कारांसाठी आलेल्या प्रवेशिकांवर उभं आहे, आणि पुरस्काराला कुणी पडलेली जाहिरात पाठवत नाही. त्यामुळे दिशा घ्यावी, प्रमाण उचलून सांगलीच्या मसाल्याला लावू नये. माझा अनुभव सांगतो की छोट्या कंपनीनं ब्रँडचा खर्च मोजायची दुसरी रीत धरावी. वर्षातून दोनदा, त्याच गावांत, त्याच शब्दांत शंभर घरी विचारावं की मसाला म्हटलं की कुठलं नाव आठवतं. दुकानदाराला विचारावं की गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं की नुसतं 'मसाला द्या' म्हणतं. आणि भाव दोन रुपयांनी वाढवल्यावर किती गिऱ्हाइकं टिकली ते बघावं. भाव वाढवूनही गिऱ्हाईक जात नसेल, तर ते आधीच्या दहा वर्षांच्या जाहिरातींचं उत्पन्न आहे.

हाच प्रश्न सरकारी जाहिरातींनाही विचारायला हवा, कारण तो पैसा आपला आहे. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना 2015 च्या जानेवारीत पानिपतमधून 100 जिल्ह्यांसाठी सुरू झाली. नंदुरबारच्या तत्कालीन खासदार डॉ. हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं 2021 मध्ये नोंदवलं की 2016 ते 2019 या काळात दिलेल्या 446.72 कोटी रुपयांपैकी 78.91 टक्के माध्यमांतल्या प्रचारावर गेले. चर्चा झाली ती प्रमाण जास्त की कमी यावर. माझं दुखणं वेगळं आहे. योजना टप्प्याटप्प्यानं जिल्ह्यांत जात होती. सारख्या परिस्थितीतल्या जिल्ह्यांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांत प्रचार आधी आणि निम्म्यांत वर्षभरानं सुरू केला असता, तर प्रचारानं मुलींच्या जन्मात आणि शाळाप्रवेशात किती फरक पडतो हे देशाला कळलं असतं. कदाचित प्रचार फार परिणामकारक ठरला असता आणि त्यावर आणखी खर्च करावा असं आपणच म्हटलं असतं. ती संधी पुन्हा येणार नाही, पण दर वर्षी नव्या योजना येतात, त्यांच्या जाहिरातींबाबत ही अट घालणं सरकारला अवघड नाही.

बंद करून पाहण्याला विरोध कुठून होतो, हे मी जवळून पाहिलं आहे. एजन्सीचं मानधन खर्चाच्या टक्क्यावर असतं, त्यामुळे खर्च बंद करायला ती कशी सांगेल? मार्केटिंग मॅनेजरला भीती असते की फरक पडला नाही तर आपली नोकरी जाईल. सेल्सच्या माणसाला वाटतं की टार्गेट चुकलं तर खापर आपल्यावर फुटेल. या भीती खऱ्या आहेत आणि नुसतं भाषण देऊन जात नाहीत. एजन्सीला ठरावीक मानधन द्यावं लागतं. मॅनेजरला लेखी सांगावं लागतं की वाया जाणारा पैसा शोधून काढणं हे तुझं काम आहे आणि तो सापडला तर ती तुझी कमाई. हे मालकानंच करायचं असतं, दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी अण्णांच्या ऑफिसात पुन्हा बैठक झाली. जिल्ह्यांच्या जोड्या टेबलावर मांडल्या होत्या. कुठला बंद आणि कुठला चालू, हे कुणाच्या आवडीनं ठरू नये म्हणून आम्ही कागदाच्या घड्या एका रिकाम्या मसाल्याच्या बरणीत टाकल्या आणि पॅकिंग विभागातल्या एका मावशींना काढायला सांगितल्या. पहिली घडी साताऱ्याची निघाली. साताऱ्याचा सेल्समन समोरच बसला होता. त्याचा चेहरा उतरला. "अण्णा, दिवाळीत माझ्याच जिल्ह्यात बंद? मग माझं टार्गेट?"

अण्णांनी टार्गेटचं रजिस्टर मागवलं, साताऱ्याच्या ओळीतला आकडा खोडला, त्याच्या वर कमी केलेला आकडा लिहिला आणि शेजारी सही केली. मग बरणी पुन्हा मावशींपुढे सरकवली.